पाठमोरा राखणदार

गिरणीवाल्यानं शटर ओढलं, लाईट दहाच्या आत येत नाही आणि तुम्हा पोरांच्या हातात दळणाचे डबे. मग बसा इथंच ओट्यावर. आत मनकर्णा, माझी सून, जात्यावर दळते आहे. तिचं झालं की तुमच्या उद्याच्या भाकरीपुरतं तीच दळून देईल. हात दुखले तरी बोलायची नाही, तशी गुणाची आहे.

काय म्हणालास रे, सेवा? भुताची गोष्ट? तुमच्या टीव्हीतल्या भुतांना पांढरी साडी असते आणि पाय उलटे. आपल्या गावात झालं ते तसलं काही नव्हतं. ज्याच्यावर गुदरलं तो ग्यानबा माझा चुलतभाऊ. मरायच्या आधी त्यानं मला ते तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक पडला नाही. खोटं बोलणाऱ्याला एवढं जमत नाही, मी पुष्कळ पाहिलेत.

गावात शिरताना माणिकरावांच्या दारापुढे रस्त्याच्या कडेला काळा दगड आहे, तो तुम्ही रोज बघता. भैरोबा म्हणता, नमस्कार करता आणि पुढे जाता. त्याच्या डोक्यावर काय आहे ते तुमच्यापैकी एकानंही कधी नीट पाहिलं नसेल. आम्हीही पाहिलं नव्हतं.

बेचाळीस साल होतं. निजामाचं राज्य. कळमनुरीपासून तीन कोसांवरच्या आपल्या गावात माणिकरावांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं, आणि ग्यानबा त्यांच्याकडे सालगडी. एका सकाळी माणिकरावांनी त्याला मकबूलला बोलवायला पाठवलं. मकबूल पाथरवट. गावच्या टोकाला ओढ्याजवळ त्याचं घर होतं. तो आणि त्याची बायको चाँदबी, दोघंच. घरोघरच्या जात्यांना टाकी लावणं हा त्याचा धंदा. जातं झिजून गुळगुळीत झालं की दळण जाडंभरडं निघतं, मग तो छिन्नीनं त्याला पुन्हा खरखरीत करून द्यायचा. त्या छिन्नीलाच टाकी म्हणतात. त्याची एक रीत होती. कोणाच्याही दारात जाऊन हाक मारायचा नाही. उंबऱ्याच्या दगडावर टाकी तीनदा वाजवायचा. टक, टक, टक. बाया आतूनच ओळखायच्या.

त्या दिवशी काम जात्याचं नव्हतं. माणिकरावांच्या शेतात विहीर खोदताना कमरेइतका काळा दगड लागला होता. मूर्ती होती. डोळे वटारलेले, खोबणीतून बाहेर आल्यासारखे. ओठांच्या कडांना दोन सुळे. कपाळाला आठ्या, केस जाळासारखे वर उठलेले. एक गुडघा जमिनीला टेकलेला, उठायच्या बेतात असल्यासारखा. उजव्या हातात डोक्यावर उगारलेली तलवार. डाव्या हातात फास, आणि त्याच हाताचं एक बोट ताठ वर केलेलं, मास्तर करतात तसं. गाव लोटलं. बायांनी पदर पसरले. भैरोबा प्रकटला म्हणून सगळ्यांनी नारळ फोडले.

मकबूलनं मात्र नारळ फुटायची वाट बघितली, मग दगडाभोवती एक चक्कर मारली. ओल्या फडक्यानं त्याच्या डोक्यावरची माती पुसली. केसांच्या मधोमध, अंगठ्याएवढा, मांडी घालून बसलेला एक माणूस निघाला. डोळे मिटलेले. तोंडावर रागाचं नावसुद्धा नाही.

"मालक, ह्यो भैरोबा न्हाई," मकबूल म्हणाला. "माझा दादा तिकडं औरंगाबादकडं लेण्यात पायऱ्या बसवायच्या कामाला व्हता. त्यो सांगायचा. आत बुद्धबाबा बसेल असतो, आन् दाराला असे रागीट राखणदार. ह्यो त्यातला हाय."

"मग एवढा चिडेल काहून हाय?" माणिकरावांनी विचारलं.

"राखणदार हाय म्हून. तलवार बघून चोर मागं सरावा. फास हाय त्यो जीव घ्यायला न्हाई, वाट चुकलेल्याला धरून आणायला. पर ह्याच्या मर्जीनं काही चालत न्हाई. डोस्क्यावर बसलाय ना, त्यो मालक. त्याच्या हुकुमाबिगर ही तलवार खाली येत न्हाई."

माणिकराव हसले. मकबूलनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, मूर्तीचं तोंड रस्त्याकडे ठेवा. राखणदार बाहेर बघत असतो, ज्याला राखतो त्याच्याकडे त्याची पाठ असते. दुसरी, अंगाला काय लावायचं ते लावा, पण डोक्यावरच्या त्या बाबाला शेंदूर लावू नका. त्याला बुजवलं की ह्याला आवरायला कोणी राहायचं नाही.

आम्ही काय केलं असेल? देवानं घराकडे पाठ केली असं कोण म्हणवून घेईल? माणिकराव म्हणाले, "तोंड हिकडं कर. सकाळी दार उघडल्याबरोबर दर्शन झालं पायजे." मकबूल मजूर माणूस. सांगितलं तसं त्यानं बसवून दिलं. तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे. वर चांदीचे डोळे चिकटवले. मग दर अमावस्येला तेल आणि शेंदूर. दोन वर्षांत फास दिसेना. तिसऱ्या वर्षी बोट गेलं. डोक्यावरचा तो अंगठ्याएवढा माणूस तर पहिल्या सहा महिन्यांतच बुजला. राहिला एक तांबडा गोळा आणि घराच्या दाराकडे रोखलेले दोन डोळे.

आता अठ्ठेचाळीस सालच्या फाल्गुनात या. रझाकारांचे दिवस होते. दुपारी पाच घोडेस्वार माणिकरावांना शोधत आले. हा हद्दीबाहेरून निजामाशी लढणाऱ्यांना पैसा आणि धान्य पुरवतो असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. त्या वेळी मकबूल उंबऱ्यात बसून माणिकरावांच्या बायकोच्या, आशाबाईंच्या, जात्याला टाकी लावत होता. माणिकराव आत धान्याच्या बळदात, ज्वारीत गळ्यापर्यंत रुतून बसलेले. स्वारांनी मकबूलला विचारलं. तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्यानं खुदाची शपथ घेऊन सांगितलं की मालक चार दिवसांपासून गावात नाहीत. त्याच्या शपथेवर ते निघून गेले.

संध्याकाळी माणिकरावांनी सगळ्यांदेखत त्या मूर्तीवर हात ठेवला. तळवा तांबडा झाला. म्हणाले, "मकबूल, ह्या शेंदराची आण. तुझ्यावर येळ आली तर हे दार तुला रात्री-बेरात्री उघडं हाय."

मी तिथं होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही गुलाल उधळला. आणि त्याच गुलालाच्या हातांनी पुढे काय काय झालं ते तुमच्या पुस्तकात नाही. गावोगाव टोळ्या फिरायला लागल्या. ज्यांनी जुलूम केला होता ते केव्हाच पळून गेले होते. हाती सापडले ते पिंजारी, पाथरवट, बांगड्या विकणारे. चाँदबीचा भाऊ गाडी घेऊन आला आणि तिला हिंगोलीला घेऊन गेला. मकबूललाही चल म्हणाला. मकबूल म्हणाला, "मालकानं आण घेतेली हाय. आन् आशाबाईच्या जात्याचं काम अर्धं राहिलंय, स्वार आले तवापासून. बुधवारी येतो म्हून सांगेल हाय. ते करून येतो."

बुधवार. पितृपंधरवड्यातली चतुर्थी. चंद्र अजून उगवायचा होता. जेवणं नुकतीच झाली होती. ग्यानबा देवडीत घोंगडी अंथरत होता, तेव्हा उंबऱ्यावर वाजलं. टक, टक, टक.

ग्यानबानं अडसराला हात घातला. मागून माणिकराव आले. हातात कंदील. त्यांनी कंदिलाची वात खाली केली.

"राहू दे," ते म्हणाले.

"मालक, मकबूल हाय."

"मला माहीत हाय कोण हाय. त्याला घरात घेतलं तर उद्या माझं घर जाळतील. राहू दे."

बाहेरून मकबूलचा आवाज आला. घाबरलेला नाही, रोजच्यासारखा. कोणी रस्त्यानं जात असेल तर त्याला वाटावं, कामाला आलाय. "मालक, मी हाय." मग थोड्या वेळानं, "मालक, शेंदराला हात लावेल व्हता तुमी." मग अगदी हळू, "आशाबाई... जात्याचं राहिलं हाय वो."

आशाबाई माजघरातून उठून आल्या होत्या. माणिकरावांनी त्यांचा दंड धरून ठेवला.

दाराच्या फटीतून ग्यानबाला रस्त्यावर टेंभे दिसले. मकबूल मूर्तीच्या पायाशी, घराच्या बाजूला, अंग चोरून बसला. टोळी बाहेरगावची होती. म्हणजे सगळे नाहीत, दोघं आपलेच होते, वाट दाखवायला. आता ऐका. ती मूर्ती रस्त्याकडे तोंड करून असती, तर टेंभ्याच्या उजेडात आधी ते चांदीचे डोळे दिसले असते, सुळे दिसले असते. असली माणसं आतून भित्री असतात. पायताण काढून हात जोडले असते आणि देवाला ओलांडून पुढे आली नसती. पण त्यांना दिसली पाठ. पाठीला कोण भितो? ते दगडाला वळसा घालून आले.

ग्यानबा म्हणायचा, मालक नको म्हणाले हे खरं, पण अडसर माझ्या हातात होता. शेवटपर्यंत तो हेच म्हणत राहिला. आणि मी कुठं होतो ते विचारू नका. घरात होतो. जागा होतो. सगळं गाव जागं होतं.

सकाळी मकबूल ओढ्यात सापडला. ग्यानबानं आणि मी त्याला पुरलं. टाक्यांची पिशवी मूर्तीपाशी पडली होती, ती ग्यानबानं त्याच्याशेजारीच ठेवली. त्यांच्यात असं चालतं का, ते आम्हाला माहीत नव्हतं. विचारायला गावात कोणी उरलंच नव्हतं.

दहा दिवसांनी सर्वपित्री अमावस्या आली. शनिवार. माणिकरावांनी ग्यानबाला कळमनुरीला पाठवलं, शेंदूर आणायला. या खेपेला दुप्पट आण म्हणाले. दुपारी पितरांची पानं वाढली, संध्याकाळी माणिकरावांनी स्वतःच्या हातानं मूर्तीला जाडच्या जाड थर दिला. ग्यानबाला वाटलं, मालक डोळेसुद्धा झाकून टाकतात की काय.

दिवेलागण झाली. दार लावलं. अडसर घातला. वरून साखळी. ग्यानबा देवडीत आडवा झाला.

किती वेळ गेला ते त्याला सांगता यायचं नाही. अंधार होता, वारा नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

टक. टक. टक.

उंबऱ्यावर.

ग्यानबा उठून बसला. घोंगडी तोंडाशी धरली. वाटलं, भास झाला.

टक. टक. टक.

माणिकराव बाहेर आले. कंदील नव्हता. अंधारात नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"ग्यानबा..."

"जी."

"उघडू नको."

"न्हाई मालक."

दोघं दाराकडे तोंड करून उभे राहिले. पाठ घराकडे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस राखणदारासारखा उभा होता.

मग बाहेर काहीतरी कोसळलं. जड. ओल्या मातीची भिंत बसावी तसं. माणिकरावांनी ग्यानबाचा हात धरला.

शांत.

शांत...

आणि मग आवाज पुन्हा सुरू झाला. पण तीन ठोके नाहीत. एका लयीत. न थांबता. दगडावर टाकी. असा आवाज आपल्यातल्या प्रत्येकानं लहानपणी ऐकलेला, ओळखायला वेळ लागत नाही. एक ओळ, मग जरा थांबणं, मग दुसरी ओळ.

तो बाहेरून येत नव्हता.

मागून येत होता. माजघरातून.

अडसर जागेवर. साखळी जागेवर. ग्यानबाचा हात अडसरावरच होता.

मागं वळून बघायची दोघांची छाती झाली नाही. माणिकरावांनी हाक मारली, "अगं... ए... आत कोण हाय?"

आतून आशाबाई बोलल्या. जाग्याच होत्या. आवाज चढवलेला नाही, घाबरलेला नाही.

"गप उभं ऱ्हावा. काम करून राहिलाय त्यो."

कोंबडं आरवेपर्यंत टाकी चालू होती. मग थांबली.

सकाळी अडसर काढला. मूर्तीची शेंदराची खोळ गळून पडली होती, अख्खी, डोळ्यांसकट. यात नवल नाही. सहा वर्षांचे थर, त्यात आदल्या दिवशीचा दुप्पट भार. खोळ पडते कधी कधी, जुन्या माणसांना विचारा. पण आत राखणदार होता तसाच होता. तलवार उगारलेली, बोट ताठ वर, वटारलेले डोळे दाराकडे रोखलेले. आणि डोक्यावर तो अंगठ्याएवढा माणूस, डोळे मिटून, कशातच नसल्यासारखा. माणिकराव त्याच्यापुढे मटकन बसले. तलवार आता खाली येईल असं त्यांना वाटलं असावं.

आली नाही. गोष्टीत यायला पाहिजे होती, मला माहीत आहे. तुम्हालाही तेच पाहिजे होतं. माणिकराव पुढे बावीस वर्षं जगले. हारतुरे घेतले, झेंडावंदनं केली, लढ्यातले म्हणून भाषणं केली. झोपेत गेले. मकबूल म्हणाला होता तेच खरं, वरच्याचा हुकूम नव्हता. का नव्हता ते मला अजून कळत नाही आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

आशाबाईंनी मात्र दोन गोष्टी केल्या. ग्यानबाला आणि मला बोलावलं, चार माणसं लावली आणि मूर्ती फिरवून घेतली. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. पुन्हा शेंदूर लावू दिला नाही. माणिकराव ओसरीवरून बघत होते.

आणि दुसरी. माजघरात जात्याची वरची तळी उचलून बाजूला ठेवलेली होती. दोन्ही तळ्यांवर ताज्या टाकीचे घाव, मधल्या खुंट्यापासून कडेपर्यंत, ओळीनं, एकही वाकडा नाही. जिथं फाल्गुनात काम थांबलं होतं, तिथून पुढचं सगळं पुरं. दगडाची भुकटी झाडून भिंतीशी ढीग केलेला, तो करायचा तसा. टाकी लावल्यावर पहिलं पीठ आपण टाकून देतो, दगडाचे कण येतात म्हणून. आशाबाईंनी टाकलं नाही. त्याच पिठाची भाकरी थापली आणि नवऱ्याच्या ताटात वाढली. ते एकेक घास कचकच चावून खाली मान घालून खात होते. ग्यानबा दारात उभा होता. त्यानं ती कचकच ऐकली.

त्या रात्री त्यांनी काय पाहिलं, ते आशाबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. मरायच्या आधी जातं तेवढं ग्यानबाला दिलं. म्हणाल्या, "तुझा हात अडसरावर व्हता, तुझ्याच घरी असू दे." ग्यानबाला लेकरू नव्हतं. त्याच्यामागं ते माझ्याकडे आलं.

हो. आत घरघर चालली आहे ते तेच. सेवा, असा दचकू नको, दळणच आहे. जात्याला फार तर सहा महिन्यांनी टाकी लागते, तुमच्या आज्यांना विचारा. ह्याला शेवटची टाकी लागून पन्नास वर्षं झाली. ह्याच्यावर ग्यानबाच्या घरानं दळलं, आमच्या घरानं दळलं, दुष्काळात निम्म्या गावानं दळलं. मनकर्णेचं थांबलं बघा. जा आत, डबे घेऊन जा, आणि तळीवर जरा हात फिरवून बघा. जपून फिरवा. अजून बोटाला लागते.